जुन्या पद्मिनीच्या चाकांना स्प्रेने गुळगुळीत रंग कसा आणावा?

अमळनेरकर

नमस्कार. आमच्याकडे वडिलांच्या हातची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे इंजिन, सीटा आणि बॉडी ही कामे मार्गी लागली असून आता चाकांची पाळी आली आहे. चाके साध्या पोलादी डिस्कची आहेत आणि त्यांना पूर्वीसारखाच चंदेरी रंग द्यावा, अशी वडिलांची इच्छा आहे. टायर-ट्यूब काढून डिस्का मोकळ्या केल्या, ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावून जुना रंग आणि गंज खरवडून काढला, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या लाल प्रायमरचा) एक हात ब्रशने दिला आणि आधी अंदाज यावा म्हणून केवळ स्टेपनीच्या डिस्कवर स्प्रेच्या डब्यातील चंदेरी रंग मारून पाहिला.

जे दिसले ते नीट सांगतो, म्हणजे कारण शोधणे सोपे जाईल. डिस्कचा मधला फुगीर भाग हाताला खरखरीत लागतो. बोल्टच्या भोकांभोवती आणि आतल्या कोपऱ्यांत रंग धुरळा बसल्यासारखा कोरडा आहे व बोट फिरवले की बोटाला चंदेरी भुकटी लागते. रिमच्या पायरीवर मात्र रंग ओघळला आहे. गंजाने पडलेले बारीक खड्डे रंगाखाली झाकले जातील असे वाटले होते, ते उलट अधिकच उठून दिसत आहेत. हे काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, अंगणातील पत्र्याच्या शेडखाली केले.

डब्यानेच काम चालू ठेवावे की कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणावी, खड्डे कशाने भरावेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम करणे योग्य आहे की थांबावे, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.


भुसावळचा पेंटर

अमळनेरकर भाऊ, तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक दोषाचे कारण वेगळे आहे. मधल्या भागाच्या खरखरीतपणाचे कारण म्हणजे दुपारी चारची वेळ. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखालचे लोखंड हवेपेक्षाही जास्त तापलेले असते. स्प्रेमधून निघालेला रंगाचा थेंब डिस्कवर पडल्यानंतर काही क्षण ओला राहून शेजारच्या थेंबात मिसळला, तरच पृष्ठभाग सपाट होतो. तुमच्या बाबतीत थेंबातील थिनर वाटेतच उडून गेला, अर्धवट सुकलेले थेंब डिस्कवर पोहोचले आणि जिथे पडले तिथेच चिकटून राहिले. पेंटर लोक ज्याला ऑरेंज पील म्हणतात तो दाणा असाच येतो. त्यावर कितीही हात चढवले तरी दाण्यावर दाणा बसतो, तो कधीही सपाट होत नाही.

बहुतेक डब्यांतील रंग साधारण 20 ते 27 अंशांच्या हवेत सर्वांत चांगला बसतो. उन्हाळ्यात ही संधी आपल्याकडे फक्त सकाळी मिळते. डिस्का रात्रभर घरातील फरशीवर ठेवाव्यात आणि उजाडल्या उजाडल्या रंगाला बसावे. तापमान 27 च्या थोडे वर असले तरी लोखंड थंड असल्याने काम निभावते. साडेआठ वाजले की हात थांबवावा. रंगाचा डबाही सावलीतच ठेवावा. 50 अंशांवर तापलेला डबा फुटण्याचा धोका असतो, म्हणून तो उन्हात किंवा गाडीच्या डिकीत विसरून चालत नाही.

भोकांभोवतीच्या कोरडेपणाचे कारण मात्र चाकाच्या आकारात आहे. खोलगट कोपऱ्यात स्प्रेची हवा आदळून परत फिरते आणि रंगाला आत जाऊ देत नाही. आपण मोठ्या पृष्ठभागापासून सुरुवात करतो आणि कोपरे शेवटी भरायला जातो, तेव्हा कोपऱ्यातून उडालेली कोरडी भुकटी आधी मारलेल्या चांगल्या रंगावर बसते. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी डिस्कची मागची बाजू करावी. ती सुकल्यावर समोरच्या बाजूला भोकांच्या कडा आणि आतले कोपरे छोट्या छोट्या फवाऱ्यांनी भरावेत, मग रिमची पायरी आणि सर्वांत शेवटी मधला फुगीर भाग घ्यावा.

ओघळ आला कारण डिस्क बहुधा उभी ठेवली होती किंवा टांगली होती आणि पायरीवर रंग साचला. डिस्क आडवी ठेवावी. भंगारात मिळणारा जुना हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) बेअरिंगसकट लाकडी ठोकळ्यावर पक्का बसवून त्यावर डिस्क ठेवली की ती एका बोटाने फिरते. डावा हात डिस्क सावकाश फिरवतो, उजवा हात डबा धरतो, आणि आपल्याला चाकाभोवती वाकून फिरावे लागत नाही. रंगकामात अंतर आणि वेग कायम ठेवणे हीच अवघड गोष्ट असते, ती या एका सोयीने निम्मी सोपी होते.

डबा पृष्ठभागापासून 20 ते 25 सेंटिमीटरवर ठेवावा, गरम हवेत थोडा जवळ. नोझल डिस्कच्या बाहेर दाबून आत यावे आणि बाहेर जाऊन सोडावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात पातळ, नुसता धरून ठेवण्यापुरता; पाच-दहा मिनिटांनी दुसरा हात ओलसर दिसेल इतपत. प्रकाश तिरपा येईल असे उभे राहावे, म्हणजे रंग ओला पडतो आहे की कोरडा, हे मारतानाच दिसते. ती ओली चमक नजरेला ओळखता आली की हाताचा वेग आपोआप जमतो. एक डबा सलग दाबून ठेवला तर तो थंड पडतो, आतील दाब कमी होतो आणि मोठे थेंब थुंकू लागतो, म्हणून दोन डबे आलटून पालटून वापरावेत.

आता रेड ऑक्साइडबद्दल. खिडक्यांच्या गजांसाठी ते उत्तम आहे, पण ते सावकाश सुकते. ते आतून कच्चे असताना वर तीव्र थिनरचा रंग पडला की खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या येतात. शिवाय ब्रशचे पट्टे कायम राहतात ते वेगळेच. राहिलेल्या चार डिस्कांवरून आणि स्टेपनीवरूनही ते काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी धातूवर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पेंटच्या दुकानात मिळणारे सरफेसर (घासून सपाट करायचा भरणीचा थर) घ्यावे. गुळगुळीतपणा या सरफेसरच्या थरातच तयार होतो. वरच्या चंदेरी रंगात खालचा दोष झाकण्याची ताकद नसते. उलट चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा दाखवतो.


धुळेकर गॅरेज

मी वेगळा विचार मांडतो. डब्यातील साधा रंग पेट्रोल आणि ब्रेक ऑइल यांच्यापुढे टिकत नाही. ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तरी रंग फुगून निघतो, आणि चाकाच्या मागे ब्रेकचा सिलिंडर असतो हे विसरता येणार नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घालून केलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग गनने मारावा. चाकासारख्या लहान कामाला छोटी गन, 1 मिलिमीटरच्या आसपास नोझल असलेली, पुरेशी होते; मोठी गन असेल तर रंगाला 1.3 किंवा 1.4 आणि सरफेसरला 1.6 ते 1.8 चे नोझल लावावे. उन्हाळ्यात दुकानदाराकडून सावकाश उडणारे थिनर मागून घ्यावे. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर हवेतून आलेले पाण्याचे कण रंगात पडतात.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क नसेल, तर हे काम स्वतः न करता डिस्का तयार करून पेंटरच्या बूथमध्ये द्याव्यात. घरात लहान मुले असतील तर अंगणात पीयू अजिबात मारू नये.

पावडर कोटिंगचाही पर्याय आहे. आपल्याकडच्या एमआयडीसी भागांत ते काम करून मिळते आणि त्याचा थर दणकट असतो. परंतु ते भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजावे लागते, त्यामुळे नेहमीची बॉडी पुट्टी त्याखाली चालत नाही आणि खड्डे तसेच राहतात. थर जाड असल्याने जुन्या डिस्कच्या धारदार कडाही गोलसर दिसू लागतात. मला स्वतःला क्लासिक गाडीवर ते रूप आवडत नाही, पण रोज वापरायच्या गाडीला अवश्य करावे.


अमळनेरकर

दोघांचेही मनापासून आभार. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे पीयू अंगणात मारण्याचा विचार सोडून दिला आहे. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघते. म्हणून डब्याचाच मार्ग धरतो आणि वरचा क्लिअर (पारदर्शक थर) चांगला निवडतो. दोन शंका राहिल्या. खड्डे नेमके कसे भरावेत, आणि पाणी लावून पेपरने घासायला आमच्या बोअरचे पाणी चालेल का? ते इतके जड आहे की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो.


चोपड्याचा शेतकरी

दादा, पाण्याचा प्रश्न तुम्ही विचारला हे फार बरे झाले, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. बोअरच्या जड पाण्याचा थेंब डिस्कवर वाळला की क्षार मागे राहतात. ते डोळ्यांना दिसले नाहीत तरी रंगाखाली अडकतात, पावसाळ्यात रंगाच्या थरातून ओलावा ओढून घेतात आणि काही महिन्यांनी बारीक फोड येतात. घासायला बोअरचे पाणी वापरले तरी शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावे आणि पाणी आपोआप वाळू न देता स्वच्छ सुती कापडाने लगेच पुसून घ्यावे. उघड्या धातूवर मात्र पाणी घालूच नये. तिथे कोरडे घासावे आणि थिनरने पुसावे.

खड्ड्यांसाठी माझी पद्धत अशी आहे. प्रथम थिनरच्या कापडाने ग्रीस आणि टायर पॉलिशचा अंश काढायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. आधी घासले तर ग्रीस ओरखड्यांत दाबले जाते. टायर पॉलिशमधील सिलिकॉन डिस्कवर राहिले, तर रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल डोळे पडतात. खड्ड्याच्या तळाशी काळा गंज असतो, तो तारेच्या ब्रशला सापडत नाही. ब्रश त्याला नुसती चमक आणतो. तो 80 नंबरच्या पेपरने किंवा सँडब्लास्टिंगने काढावा. फॉस्फोरिक ॲसिडचे गंजनाशक वापरल्यास डब्यावर लिहिल्याप्रमाणे त्याचा अंश पूर्ण काढून डिस्क लगेच पुसावी आणि गरम हवेने वाळवावी, कारण ॲसिड राहिले तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. एवढ्यापुरते पाणी टळत नाही, पण तेही डिस्टिल्डच घ्यावे.

त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, तो सुकल्यावर बारीक पुट्टी. पुट्टी प्लास्टिकच्या पातीने खड्ड्यात दाबून भरावी, वर ढीग ठेवू नये, आणि ती कोरडीच घासावी. पुट्टी पाणी पिते, आणि ते पाणी पुढे रंगाखालून बाहेर पडायला बघते. त्यावर सरफेसरचे दोन-तीन हात. मग सरफेसर सुकला की काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा सगळ्या डिस्कवर उडवावा आणि 400 च्या पेपरने हलके घासावे. उंच भागावरचे काळे आधी निघून जाते. खड्ड्यात आणि ओरखड्यात काळा ठिपका शिल्लक राहतो. जिथे काळे राहिले तिथे अजून काम आहे, हे कोणालाही दिसते. तिथे पुन्हा पुट्टी किंवा सरफेसर लावावे आणि काळे पूर्ण जाईपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटी 600 च्या वॉटर पेपरने ओले घासून घ्यावे. हाताने डोळे मिटून डिस्क चाचपून पाहावी. बोटांना जो उंचवटा कळतो तो डोळ्यांना रंग दिल्यावरच दिसतो.

वेळेबद्दल थोडे. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढरट धुके येते, म्हणून जून ते सप्टेंबर टाळावेत. दिवाळीनंतर हवा उत्तम असते, पण तेव्हा कापूस वेचणी आणि जिनिंगचा (कापसातून सरकी काढण्याचा) हंगाम चालू असतो. ज्यांचे घर जिनिंगजवळ किंवा कापसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर आहे, त्यांच्या अंगणात हवेत तंतू तरंगत असतात आणि ओल्या क्लिअरवर ते नेमके बसतात. खोलीत काम करावे, फरशीवर पाणी शिंपडून घ्यावे म्हणजे धूळ उठत नाही, पंखा बंद ठेवावा, पण रंगाची वाफ जायला समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असाव्यात आणि तोंडाला कोळशाचा फिल्टर असलेला मास्क असावा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लोखंडावर दव धरते. त्या दिवसांत मात्र ऊन वर येऊन डिस्क कोरडी होईपर्यंत थांबावे.


भुसावळचा पेंटर

चोपड्याच्या दादांनी काळ्या फवाऱ्याची जी पद्धत सांगितली ती सोन्यासारखी आहे. ती कोणीही वगळू नये. मी चंदेरी रंगापुरती भर घालतो.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. एका जागी रंग जास्त ओला पडला की ते पापुद्रे तरंगत जाऊन ढगासारखे डाग पडतात. म्हणून चंदेरी रंग जाड हातांत देऊ नये. सरफेसर पूर्ण झाकला जाईपर्यंत मध्यम ओले हात द्यावेत आणि शेवटचा हात थोड्या जास्त अंतरावरून, साधारण 30 सेंटिमीटरवरून, डिस्क फिरती ठेवून हलका उडवावा. त्याने डाग विरून रंग एकसारखा दिसतो. चंदेरी रंग क्लिअरच्या आधी घासू नये. पेपर लागला की त्या जागी पापुद्रे फाटून काळसर चट्टा दिसतो. एखादा कण अडकलाच तर तेवढी जागा बारीक पेपरने काढून पुन्हा चंदेरी मारावे.

क्लिअर किती वेळात द्यायचे ते डब्यावर लिहिलेले असते आणि ते काटेकोरपणे पाळावे. काही एनॅमल रंगांत पुढचा हात तासाभरात द्यावा लागतो किंवा मग एक-दोन दिवस थांबावे लागते. मधल्या वेळेत दिला तर सुरकुत्या येतात. चंदेरी आणि क्लिअर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्यावे. हार्डनरची कुपी डब्याच्या बुडाशी फोडायची असते तो टू-के क्लिअर पेट्रोललाही टिकतो, पण धुळेकर भाऊंनी आयसोसायनेटबद्दल जे सांगितले ते त्या डब्यालाही तंतोतंत लागू आहे. तुम्ही मुलांमुळे पीयू टाळत आहात, त्यामुळे साधा ॲक्रिलिक क्लिअरच घ्यावा आणि ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

क्लिअरवर थोडा दाणा राहिला तरी घाबरू नये. आठवडाभर सुकू द्यावे, 1500 आणि मग 2000 च्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलके घासावे आणि रबिंग कंपाउंडने चमक आणावी. कडांवर घासू नये, तिथे थर सर्वांत पातळ असतो. मात्र मला असे वाटते की पद्मिनीच्या पोलादी डिस्कला आरशासारखी चमक शोभत नाही. कारखान्यातून निघालेल्या डिस्कवर मंद, शांत चंदेरी रंग होता. त्यामुळे सपाटपणावर कष्ट घ्यावेत आणि चमक बेताची ठेवावी.


शिरपूरचा टायरवाला

रंगाबद्दल या सगळ्यांनी उत्तम सांगितले आहे. मी टायर बसवण्याचे काम करतो, म्हणून ज्या जागांवर रंग नको त्यांच्याबद्दल लिहितो, कारण तिथे चूक झाली तर जीवावर बेतते.

डिस्कचा मागचा सपाट भाग जिथे ड्रमला टेकतो, तिथे आणि बोल्ट ज्या उतरत्या खोलगट जागेत बसतो तिथे, पुट्टी, सरफेसर, रंग, क्लिअर यांचे जाड थर अजिबात नसावेत. बोल्ट आवळताना रंगावर आवळला जातो, गाडी चालल्यावर तो रंग दबतो किंवा तुटतो, आवळ तेवढी सैल होते आणि चाक ढिले पडते. इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात गंजापासून बचाव म्हणून ठेवावा आणि त्यानंतर या जागांवर मास्किंग टेप लावावी. बोल्टच्या खोलगट जागांसाठी त्या मापाचे गोल कापून टेप चिकटवली की काम स्वच्छ होते.

रंग देण्यापूर्वी बोल्टच्या भोकांभोवती आणि डिस्क-रिमच्या जोडावर केसासारखी तडा आहे का, हे उजेडात बारकाईने पाहावे. तडा असलेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नये, ती बदलावी. बसवलेल्या हबवर फिरवून डिस्क डगमगते का, हेही पुट्टी लावण्याआधीच पाहून घ्यावे, म्हणजे वाकड्या डिस्कवर मेहनत वाया जात नाही.

तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल, तर रिमच्या आतल्या बाजूलाही लक्ष द्यावे. तिथे रंग देखणा असण्याची गरज नाही, पण गंजाचे पापुद्रे आणि रंगाचे टोकदार थेंब राहिले तर ट्यूब घासून फाटते. प्रायमर आणि एक पातळ हात पुरेसा आहे. टायरची कड जिथे बसते तिथेही थर पातळच हवा.

टायर चढवण्याची घाई करू नका. डब्यातील रंग हाताला सुका लागला तरी आतून कडक व्हायला किमान आठवडा जाऊ द्यावा, थंडीत त्याहून जास्त. दुकानात गेल्यावर लोखंडी टायर लिव्हरखाली प्लास्टिकची पट्टी किंवा जाड रबर लावायला आवर्जून सांगा आणि कडेला पाण्यात कालवलेला साबण लावायला सांगा, म्हणजे टायर जोर न लावता सरकतो. बॅलन्सिंगची ठोकायची वजने रंगावर ओरखडा पाडतात, त्यामुळे ती आतल्या कडेला लावून घ्यावीत. गाडीवर चाक चढवताना बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळावेत, हवेच्या गनने एकदम मारू नयेत, आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्याने पुन्हा तपासावेत.


अमळनेरकर

टायरवाले भाऊ, बोल्टच्या जागांवर मी ब्रशने रेड ऑक्साइडचा चांगला जाड हात दिला आहे, तो आजच स्ट्रिपरने (रंग सोडवणाऱ्या रसायनाने) काढतो. भंगारवाल्याकडे जुना हब बेअरिंगसकट पाहून ठेवला आहे. सरफेसर झाल्यावर काळा फवारा मारतो आणि घासल्यावर कुठे काळे राहिले त्याचे फोटो इथे टाकतो. पुट्टी पुन्हा लावायची की सरफेसरच्या हातावर भागेल, ते पाहून सांगावे.